वैनगंगा म्हणायची आणि कृष्णा दाखवायची

नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडून येणारी 'गावाची आठवण' छापाची गाणी एका बैठकीत ऐकून बघा. नदी असतेच. आणि ती दर वेळी तीच असते. तुडुंब, संथ, काठाला वडाचं झाड, पाण्यात होडी, होडीत गाणारा नावाडी, घाटावर घागरी घेतलेल्या बायका. ओठावर नाव वैनगंगेचं असतं, चित्र मात्र सांगली-वाईकडचं. माझा आक्षेप एवढाच आहे. नदीची आठवण गाण्यात आणायची तर ती आपल्या नदीची आणा ना भाऊ. आपली नदी वर्षातले सात-आठ महिने मुख्यतः रेती असते. त्या रेतीवर आपल्याकडे गाणं का नाही?

हे कसं झालं ते कळणं फार अवघड नाही. मराठी सिनेमा कोल्हापुरात वाढला, 'प्रभात' 1933 मध्ये पुण्याला गेली. स्टुडिओ जिथे, तिथलीच नदी पडद्यावर येणार. पंचगंगा, कृष्णा, मुळा-मुठा. घाट बांधलेले, पाणी बारमाही, देऊळ पाण्याला लागून. भक्तिगीतांनी चंद्रभागा आधीच घराघरांत नेऊन ठेवली होती. आकाशवाणीचं नागपूर केंद्र 1948 चं, म्हणजे गाणी वाजवायला आपल्याकडे जागा होती. पण कानावर जी नदी पडत राहिली ती बाहेरची, आणि लिहिणाऱ्यांच्या दोन पिढ्यांनी तीच नदी म्हणून गिरवली.

गंमत अशी की ज्या गाण्याला 2023 मध्ये राज्यगीताचा मान मिळाला, ते लिहिणारे राजा बढे आपल्या नागपूरचे. त्यांनी त्या गाण्यात नद्यांची रांगच लावली आहे: रेवा, वरदा, कृष्णा, कोयना, भद्रा, गोदावरी. वरदा म्हणजे आपली वर्धा, असं विदर्भात सगळे मानतात. पण वैनगंगा त्या रांगेत नाही. मी याला दोष म्हणत नाही, ओळीत मात्रा मोजूनच बसतात आणि रांग कुठेतरी थांबवावी लागते. तरी खटकतं.

आता मुद्द्याचं. कोणत्याही नदीगीताला एक सोपी कसोटी लावता येते: नदीचं नाव काढून तिथे दुसऱ्या नदीचं नाव घाला. गाणं तसंच उभं राहिलं तर त्यात नदी नव्हतीच, नुसतं नाव होतं.

वैनगंगेच्या बाबतीत ही अदलाबदल फारच सोपी जाते, कारण लघु-गुरू सारखे आहेत. वै गुरू, न लघु, गं गुरू, गा गुरू. चं गुरू, द्र लघु, भा गुरू, गा गुरू. दोन्हीकडे गालगागा, दोन्हीकडे 7 मात्रा. समजा कोणी लिहिलं:

वैनगंगेच्या किनारी गाव माझे राहिले

ही देवप्रियाची ओळ झाली, गझल लिहिणाऱ्यांच्या हातातलं वृत्त. आता 'चंद्रभागेच्या किनारी' म्हणून बघा. एक मात्रा हलत नाही, चाल बदलावी लागत नाही, अर्थालाही ओरखडा येत नाही. म्हणजे ओळ नापास. आता ही घ्या:

डांगराच्या मांडवाशी रात जागे बाप माझा

हे वृत्त व्योमगंगा, म्हणजे गालगागा चार वेळा. इथे नदीचं नावच नाही, पण पवनी-मौद्याकडच्या माणसाला ही ओळ कुठली ते सांगावं लागत नाही. रेतीत डांगरवाडी, म्हणजे टरबूज-खरबुजाची वाडी, लावली आहे, फळं धरली आहेत, कोल्हे आणि चोर दोघांसाठी बाप रात्री तिथेच राखण करत जागतो. ओळ फार मोठी कविता आहे असं मी म्हणत नाही. पण या ओळीला वाईच्या घाटावर नेऊन बसवता येत नाही, एवढं तिला जमलं.

या कसोटीला एक खरा अपवाद आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. भूपेन हजारिकांचं नदीला जाब विचारणारं प्रसिद्ध गाणं. हजारिका अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना अमेरिकन गायक पॉल रोबसनना भेटले, रोबसननी गाजवलेल्या मिसिसिपीवरच्या गाण्यातून त्यांना हे सुचलं. असमियात ते 'बुढा लुइत' म्हणजे ब्रह्मपुत्रेला उद्देशून आहे, बंगाली आणि हिंदीत तेच गंगेला. नदी बदलली, गाणं पडलं नाही. का? कारण तिथे नदीची आठवण काढलेली नाही, तिला प्रश्न विचारला आहे: एवढे लोक काठावर हाल काढतात, तू गप्प वाहतेस कशी? हा प्रश्न कुठल्याही मोठ्या नदीला विचारता येतो. आठवण तशी नसते. आठवण एका थडीची, एका महिन्याची, एका कामाची असते. तिला दुसरी नदी चालत नाही.

नावाड्याबद्दलही बोलायला पाहिजे, कारण आपल्या गाण्यातला नावाडी बंगालमधून आला आहे. भटियाली हा तिकडचा नावाड्यांच्या गाण्याचा खरा प्रकार. नाव प्रवाहाबरोबर आपोआप वाहते, वल्ह्याला काम नाही, हात मोकळे, समोर मैलभर पाणी. म्हणून सूर लांब आणि ताल सैल, बरेचदा नाहीच. तिकडेच वल्हे मारताना म्हणायचं सारी गान मात्र ठोक्यात बांधलेलं असतं, कारण सगळ्यांचे हात एकदम पडायला हवेत. तालाचं मूळ कामात आहे. आता आपल्याकडे या. वैनगंगेवर किंवा कन्हानवर माणूस आठवडाभर नावेत बसून कुठे जात नव्हता. डोंगा या थडीवरून त्या थडीवर जायचा, पाणी उथळ असलं की बांबूनं रेटत. दहा-पंधरा मिनिटांचं काम. आपली नदी प्रवासाची नाही, ओलांडायची आहे. म्हणून आपल्या जुन्या ओव्यांमधली नदीही आडवी येणारी असते: इकडे सासर, तिकडे माहेर, मधे पूर, आणि मुराळी आलेला भाऊ त्या थडीला अडकलेला. विरह आहे, पण तो अंतराचा नाही, पाणी उतरण्याचा आहे. एवढा तयार मसाला घरात असताना आपण भटियालीचे लांब आलाप उसने आणतो आणि खाली सिंथेसायझरचा पॅड धरून ठेवतो.

लिहिणाऱ्याला सांगायचं तर आधी महिना ठरवा. आषाढ-श्रावणात वैनगंगा गढूळ, लाल-तपकिरी असते, रस्ते बंद, डोंगे बांधून ठेवलेले. बांध्यांमध्ये धानाचा रोवणा चालू असतो आणि लक्ष नदीकडे कमी, पऱ्ह्यांकडे, म्हणजे रोपांकडे, जास्त. कार्तिकात पाणी नितळ होतं, धान कापणीला येतं. गाण्यातलं 'निळं संथ पाणी' दाखवायचंच असेल तर हे पाच-सहा आठवडे तुमचे. त्यानंतर रेती उघडी पडत जाते. पौष-माघात डांगरवाड्या लागतात: रेतीत ओळीनं खड्डे, खाली ओल लागेपर्यंत खोल, त्यात शेणखत, त्यात टरबूज, खरबूज, काकडीचं बी. सुरुवातीला बाजूला रेतीत खणलेल्या झिऱ्यातून भांड्यानं पाणी घालतात, मुळं खालच्या ओलीला पोचली की वेल आपलं आपण बघतो. माघातच महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा, जिथे वैनगंगा उत्तरेला वळून वाहते. चैत्रापासून फळ. आणि वाडी जाते ती बहुतेक वेळा वरच्या धरणातून अवेळी पाणी सुटल्यामुळे, एका रात्रीत. यातल्या प्रत्येक गोष्टीवर एक कडवं होतं. 'काठावरचा वड' एकदा म्हणून झाला की संपला.

यात टिटवी विसरू नका. उन्हाळ्यात रेतीवर अंडी घालते आणि माणूस जवळ आला की डोक्यावर घिरट्या घालत ओरडते. नदीकाठी वाढलेल्या माणसाला हा आवाज बासरीपेक्षा लवकर घरी नेतो.

चाल लावणाऱ्यांसाठी. 'वैनगंगा' हे नाव 7 मात्रांच्या रूपक तालात जसंच्या तसं बसतं. रूपकाचे खंड 3-2-2: ती ती ना, धी ना, धी ना. नावाचे तुकडे पाहा: वैन 3, गं 2, गा 2. खंडाच्या सीमेवर अक्षराची सीमा. असं नशीब प्रत्येक नदीचं नसतं. शिवाय रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली (बिनजोराची जागा) आहे, त्यामुळे 'वै' वर ठोका जोरात बसत नाही, नाव हलकं उचललं जातं. आठवणीच्या गाण्याला हेच हवं असतं. लय मिनिटाला 84 मात्रांची ठेवली तर एक आवर्तन बरोबर 5 सेकंदांचं होतं, शब्दांना श्वास मिळतो. दीपचंदी तालही चालतो, तिथे 'वैन' 3 मध्ये आणि 'गंगा' 4 मध्ये. दादऱ्यात मात्र 6 मात्रांमध्ये 7 कोंबाव्या लागतात, मग 'न' खाल्ला जातो आणि 'वैगंगा' ऐकू येतं. केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हे कितीतरी वेळा सापडेल.

खरी अडचण पुढे येते. गाणं चाललं की ते वरातीत जाणार, धुमालवाल्यांकडे, म्हणजे आपल्याकडच्या वरातीच्या वाजंत्र्यांकडे, जाणार, आणि धुमालमध्ये 7 मात्रा कोणी वाजवत नाही. 8 करणार. तेव्हा जास्तीची एक मात्रा कुठे टाकायची ते तुम्हीच आधी ठरवून ठेवा, नाहीतर दुसरा ठरवेल. 'वै' ओढा, म्हणजे वै 3, न 1, गं 2, गा 2. किंवा शेवटचा 'गा' 3 करा. दोन्ही चालतात. 'न' ओढला तर नाव मधून तुटतं, आणि डीजेच्या भोंग्यावर लोकांना 'व्हॅन, गंगा' ऐकू येतं. हसू नका, हे होतं.

कन्हान, पेंच, नाग यांचं दुखणं वेगळं आहे. ही नावं व्यंजनावर मिटतात. ओळीच्या शेवटी 'कन्हान' ठेवलं तर गायक धरणार काय? 'न्हा' वर सूर ठेवून शेवटी 'न' वर तोंड मिटावं लागतं, आणि माईकजवळ तो 'न' नाकात गुंजतो. मग सोपा उपाय म्हणून 'कन्हानमाई' करतात आणि गाणं आपोआप भजन होऊन बसतं. त्यापेक्षा नाव ओळीच्या मधे घ्या, 'कन्हानच्या' असं, म्हणजे पुढे आ मिळतो. ओळीचा शेवट थडी, रेती, काठी, पल्याड अशा शब्दांवर करा. 'पल्याड' चा 'ड' सुद्धा मिटतोच, पण तो सूर नाकात नेत नाही, ठोक्यासारखा तुटतो. ओलांडण्याच्या गाण्यात तो तुटणं शोभतं.

रागाबद्दल माझं मत थोडं हट्टी आहे. नदी म्हटली की पहाडी, ही सवय सोडा. पहाडीत गार वारा आणि उतार आहे. आपल्या रेतीवर दुपारी बाराला पाय भाजतात. त्यासाठी सारंग घरातच आहे, वृंदावनी सारंगाचं मधल्या दुपारचं कोरडेपण या नदीला बसतं. संध्याकाळी डोंगा परत येतो त्या कडव्यात हवं तर वळा दुसरीकडे. बासरीच्या जागी डफ-तुणतुण्याचा विचार करा, खडी गंमतीतून, म्हणजे इथल्या लोकनाट्यातून, तो आवाज इथल्या कानात आधीच आहे. झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांचा, ऑर्गनही तसाच, कीबोर्डवर त्याची बरी नक्कल होते, पण अट एकच, कंपन कमी ठेवा, नाहीतर चर्च वाटतं.

पाण्याचा आवाज. इंटरनेटवरून उतरवलेला खळखळाट हा डोंगरातल्या ओढ्याचा असतो, गोट्यांवरून उड्या मारणारा. मैदानातली रेतीची नदी इतका आवाज करत नाही. हे झालं खरेपणाचं. तांत्रिक अडचण त्याहून मोठी आहे. पाण्याचा आवाज म्हणजे सगळ्या कंपनसंख्यांचा मिळून एक सततचा फुसफुसाट, तो थेट स, श, च, छ वर बसतो आणि शब्द पुसट करतो. वर गाणं यूट्यूबसाठी, व्हॉट्सअ‍ॅपसाठी दाबलं जातं, आणि अशा फुसफुसाटाचं दाबल्यावर फार लवकर वाटोळं होतं, पाण्याखाली बोलल्यासारखा घुमारा येतो. वापरायचंच तर सुरुवातीचे 4-6 सेकंद, गायकाचा आवाज सुरू झाला की पाणी खाली उतरवा, गायकापेक्षा निदान 18-20 डेसिबलनं कमी, आणि 5-6 किलोहर्ट्झच्या वरचा भाग कापून.

त्याहून बरं म्हणजे स्वतः जाऊन रेकॉर्ड करणं. पहाटे, रेतीचे ट्रॅक्टर निघायच्या आधी. फोनचा माईकही चालतो, पण वाऱ्यासाठी त्यावर फरचं किंवा फोमचं कव्हर हवंच, नाहीतर टिटवीऐवजी नुसता भुरभुराट मिळतो. रेकॉर्डिंगची पातळी वरच्या टोकाला उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा आणि घरी येऊन 80-100 हर्ट्झच्या खालचं कापून टाका. डांगरवाडीतला डिझेल पंप आला तर काढू नका. तो त्या नदीचाच आवाज आहे.

झाडीपट्टीच्या मंडळींना हे सगळं जास्त लागू आहे. वडसा-देसाईगंजहून बुक होणारी नाटकं दिवाळीनंतर सुरू होतात, होळीपर्यंत रात्रभर चालतात. म्हणजे नेमकी ज्या महिन्यांत नदी आटत जाते त्याच महिन्यांत, त्याच नदीच्या काठच्या माणसांसमोर. दुसऱ्या अंकात नायक शहरात जातो आणि 'भरल्या नदीकाठी' गातो, तेव्हा समोर बसलेला माणूस मंडपात येताना रेती तुडवून आलेला असतो. त्याला ते खोटं कळतं. तो टाळी देतो, कारण गायक चांगला असतो.

आता जे बोलायला कोणाला आवडत नाही ते. गाण्यातली ती खोटी, बारमाही भरलेली वैनगंगा आज काही ठिकाणी खरी झाली आहे. आंभोऱ्याला जा. जिथे कन्हान आणि वैनगंगा मिळतात तिथे वर्षभर पाणीच पाणी दिसतं, वर नवा केबलचा पूल आहे, लोक फोटो काढतात. पण ते नदीचं पाणी नाही, गोसीखुर्दचं फुगवट्याचं पाणी आहे. 1988 मध्ये राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालेलं ते धरण. ज्या गावाची आठवण गायची, त्यातली कितीतरी गावं त्याच पाण्याखाली आहेत, आणि माणसं नव्या गावठाणात, नावापुढे 'पुनर्वसन' जोडून. तिथला मुलगा नागपुरात नोकरी करतो आणि गाणं ऐकतो: माझा गाव, माझी नदी, भरलेलं पाणी. अहो, त्या भरलेल्या पाण्यानंच गाव गेला. ही ओळ कोणी लिहीत नाही. आठवणीच्या गाण्याला याहून मोठा विषय विदर्भात दुसरा नाही, आणि तो आपण वडाच्या झाडावर घालवतो.

पूरही असाच वगळलेला. ऑगस्ट 2020 च्या शेवटी वर मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून आणि इतर धरणांतून पाणी सुटलं आणि भंडारा, मौदा, पुढे ब्रह्मपुरी, गडचिरोलीपर्यंत घरांत शिरलं. त्यावर भाषणं झाली, गाणं मोठं झालं नाही. पुराचं गाणं म्हणजे शाहिरी, आठवणीचं म्हणजे भावगीत, असे दोन डबे करून ठेवलेत आपण.

आणि नाग नदी. शहराला नाव दिलेली नदी, आणि तिच्यावर आठवणीचं गाणं एकही लोकांच्या ओठावर नाही. कारण ज्यांनी तिच्यात पोहून बघितलं असेल ते लोक आता बोलायला उरले नाहीत. बाकीच्यांसाठी ती नाला आहे, 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी ओसंडून घरात येईपर्यंत. त्या पहाटे काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, तेव्हा अनेकांना आपल्या गल्लीमागे नदी आहे हे नव्यानं कळलं. हिची वाट नकाशावर बघून घ्या. अंबाझरीहून सीताबर्डी, महाल, पुढे पूर्वेला, वाटेत पिवळी नदी घेऊन कन्हानमध्ये, आणि कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत. म्हणजे धंतोलीतल्या स्टुडिओत गायक 'निर्मळ वैनगंगा माय' म्हणत असतो, तेव्हा त्याच स्टुडिओचं सांडपाणी त्या मायकडे निघालेलं असतं. हा विनोद कोणीतरी रॅपमध्ये तरी घ्या. रॅपवाल्या पोरांना 'नाग' ची मिटणारी 3 मात्रा अडत नाही, उलट ठोक्याला बरी पडते.

व्हिडिओवाल्यांना शेवटची विनंती. आंभोऱ्याचा ड्रोन शॉट घ्या, सुंदर येतो. पण गाणं धरणाआधीच्या वैनगंगेचं असेल तर तो वापरू नका, गोसीच्या खाली उतरा, पवनीच्या पुढे, फेब्रुवारी-मार्चमध्ये, सकाळी आठच्या आत. नऊनंतर रेती कॅमेऱ्यात पांढरी जळते, आणि मग ती दुरुस्त करायला निळा रंग चढवता, की पुन्हा कृष्णाच.